गोराईचे आकाश आणि पाव किलोचे यंत्र

बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेला उतरून गोराईचा धक्का गाठावा, तिथून होडीने खाडी ओलांडावी आणि पलीकडे पुन्हा रिक्षाने किनाऱ्याकडे वळावे, हा गोराईला जाण्याचा जुना मार्ग. भाईंदर-उत्तनकडून मोटाररस्ताही आहे. पण तो लांबचा वळसा. होडीचा प्रवास अवघ्या काही मिनिटांचा. तेवढ्यात बोरिवलीचे मनोरे मागे पडतात, तीरावर तिवरांची दाट हिरवी किनार सुरू होते आणि समोर ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट उन्हात चमकू लागतो.

डिसेंबरातील एका रविवारी सकाळी या होडीत एक आजोबा आणि त्यांचा महाविद्यालयात शिकणारा नातू बसले होते. आजोबांचे धान्याचे दुकान. गादी आता मुलाकडे. नातवाच्या पिशवीत कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन होता. दुबईचे काका परदेशी ड्रोन आणायला तयार होते; परंतु तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद. हौस त्यांत बसत नाही. म्हणून भारतात बनलेला ड्रोन घेतला गेला.

तो घरी आला तेव्हा आजोबांनी प्रथम दुकानातील काट्यावर ठेवला. बॅटरीसह वजन भरले २४२ ग्रॅम. पात्यांभोवतीची संरक्षक जाळी लावताच काटा २६८ वर गेला. हा फरक किरकोळ नव्हता. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गणला जातो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनो उडवण्यासाठी वैमानिकाचा परवाना लागत नाही. नातवाने एवढेच वाचले आणि तो निर्धास्त झाला. आजोबांनी मात्र एका शब्दावर बोट ठेवले : परवाना नको, याचा अर्थ परवानगी नको असा होत नाही.

सरकारच्या नकाशात आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन विभाग आहेत. हिरव्या भागात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. गोराई विमानतळापासून त्याहून दूर आहे. पण मुंबईचे आकाश एवढ्यावर मोकळे होत नाही. मनोरीच्या खाडीपलीकडे, मालाडच्या किनाऱ्यावर नौदलाचे ‘आयएनएस हमला’ आहे आणि नौदलाच्या तळांभोवती ३ किलोमीटरपर्यंत ड्रोनला मनाई आहे. शिवाय शहराच्या सुरक्षेसाठी मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून आपल्या हद्दीत पूर्वपरवानगीविना ड्रोन उडवण्यास बंदी घालतात. आजोबांनी दोनच दिवसांपूर्वी पोलीस ठाण्यात चौकशी केली होती. आदेश लागू होता. लेखी परवानगी हवी होती.

तरीही नातवाने पिशवी आणलीच होती. किनारा मोकळा पाहून तो म्हणाला, “आजोबा, फक्त दोन मिनिटं. इथे कोण बघतंय?”

आजोबा शांतपणे म्हणाले, “दुकानात तरी गिऱ्हाईक कुठे काट्याकडे बघत असतं? म्हणून माप कमी दिलं का आपण कधी?”

पिशवी बंदच राहिली. मग आजोबांनी खिशातून रुमाल काढून उंच धरला. सकाळचे साडेआठ वाजले होते. रुमाल समुद्राकडे फडफडत होता. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हलका ड्रोन त्याबरोबर सहज पुढे जातो. पण परतताना वाऱ्याला तोंड द्यावे लागते आणि बॅटरी दुप्पट वेगाने संपू शकते. म्हणून नवशिक्याने आधी वाऱ्याविरुद्ध जावे, परतीला वारा पाठीशी असावा आणि निम्मी बॅटरी उरताच माघारी फिरावे. दुपारी वारा उलटला, समुद्रावरून जोराने येऊ लागला. नातवाने दोन्ही वेळा आपल्या वहीत नोंद केली.

वाळूचे कण मोटारीत शिरतात, म्हणून खाली चटई हवी. पाण्यावर खालचे सेन्सर फसू शकतात. होडीतून उडवू नये, कारण ड्रोन जिथून उठला तिथेच परत येऊ पाहतो आणि होडी तोवर पुढे गेलेली असते. वहीत एकेक ओळ वाढत गेली.

माडांवर घारी घिरट्या घालत होत्या. आपल्या हद्दीत घुसलेल्या ड्रोनवर घार झेपावते आणि फिरती पाती तिला जखमी करतात. संक्रांतीला मांज्याने कापलेले पक्षी घेऊन पांजरापोळाकडे धावणाऱ्या घरातील मुलाला हे वेगळे सांगावे लागले नाही. गावात अंगणात बसून जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या डोक्यावर विनाकारण कॅमेरा फिरवणे म्हणजे न विचारता घरात डोकावणेच.

परतताना दोघे पॅगोडात थांबले. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एकाही खांबाविना उभ्या असलेल्या या घुमटाखाली सुमारे ८,००० साधक बसू शकतात. उंची सुमारे सव्वातीनशे फूट. ४०० फूट म्हणजे किती, हे नातवाला मान वर करून पाहिल्यावरच उमगले. ध्यानाला बसलेल्यांवर ड्रोनची घरघर कशी वाटेल, हेही त्याला न सांगता कळले.

उत्तरेला उत्तन. बेट एकच, पण गोराई आणि मनोरी मुंबई महापालिकेत, तर उत्तन मीरा-भाईंदरमध्ये. ड्रोनला ही रेषा दिसत नाही, पण परवानगी मागताना ती ओलांडता येत नाही. होडी बोरिवलीकडे वळली तेव्हा आजोबांनी धक्क्याच्या बाजूची हिरवळ दाखवली. तिथे सुमारे वीस हेक्टरांवर शहराचा कचरा साचत असे. २००७ मध्ये तो टाकणे थांबवून नंतर माती आणि गवताने झाकण्यात आला. “वरून फोटो काढलास तर नुसती टेकडी दिसेल,” आजोबा म्हणाले. “खाली काय आहे, हे विचारूनच कळतं.”

त्या रात्री नातवाने परवानगीचा अर्ज लिहायला घेतला. जागा, तारीख, वेळ, उंची. वजनाशी येताच तो थांबला, जाळी काढून ड्रोन पुन्हा काट्यावर ठेवला आणि आकडा वाचून लिहिला : २४२ ग्रॅम.