सपाट वाटेची तजवीज

माझे सासरे मडगावचे. पोर्तुगीज अमलाखालील त्यांच्या शाळेत, गावाजवळून वाहणाऱ्या साळ नदीचे नावही कोणी घेत नसताना, समुद्रापलीकडच्या देशातील नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने घोकून म्हणाव्या लागत. आणि बालपणी घोकलेली मिन्यु, दोरू, मोंदेगू, तेझू, सादू, ग्वादियाना ही सहा नावे त्यांच्या जिभेवर अशी रुळली की, राजवट गेली, ती भाषा मागे पडली, नोकरीनिमित्त बिऱ्हाड पुण्यास आले, तरी मुलीला निजविताना ते ती एखाद्या स्तोत्रासारखी हलक्या आवाजात म्हणत. त्यांतली एकही नदी त्यांनी डोळ्यांनी पाहिली नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा माझी पत्नी सात वर्षांची होती. आजही तिला ती नावे त्याच क्रमाने, त्याच लयीत येतात, आणि गेल्या श्रावणात, बाहेर सर कोसळत असताना, तिने इतक्या वर्षांत प्रथमच मनातले बोलून दाखविले, "अहो, बाबांच्या नद्यांपैकी एखादीच्या काठी बसायचं राहूनच गेलं."

ते राहू द्यायचे नाही असे मी त्याच क्षणी ठरविले. परंतु तिच्या डाव्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे आणि उजव्याची झीज झाली आहे. कठड्याचा आधार असेल तर ती एका दमात अकरा पायऱ्या चढते, आणि काठी घेऊन सपाटीवर तीनशे मीटर चालल्यावर तिला बसावे लागते. हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि पुढचा प्रत्येक बेत त्यांच्याशी ताडून पाहिला. पायऱ्यांची संख्या, चढाचे मान, दोन बाकांमधले अंतर यांवरून एखादे नगर वाचण्याची विद्या मला सत्तरी उलटल्यावर प्राप्त झाली, आणि तिने मला त्या नगराच्या अधिक जवळ नेले, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

कारण तेझूकाठचे लिस्बन हे टेकड्यांवर वसलेले शहर आहे, आणि त्याचे पदपथ चुनखडीच्या व बसाल्टच्या हाताने बसविलेल्या लहान लहान चिऱ्यांचे आहेत. त्यांवरील नक्षी कितीही मनोहर असली तरी हिवाळी पावसात ते चिरे इतके निसरडे होतात की प्रवासाला निघण्यापूर्वी काठीला नवे रबरी टोपण घालणे ही आमच्या यादीतील पहिली बाब ठरली. मग मला नदीलगतचा बायशा नावाचा सखल भाग सापडला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये मेणबत्त्या तेवत असताना भूकंपाने शहर हादरले, मागोमाग समुद्र चढून आला आणि उरलेसुरले आगीने गिळले. त्यानंतर, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून विख्यात झालेल्या मंत्र्याने त्या उद्ध्वस्त जागेवर काटकोनात छेदणारे सरळ, रुंद रस्ते आखविले आणि त्यांची अखेर तेझूच्या काठी एका विशाल चौकात केली. ज्या दुर्दैवाने सहस्रावधी संसार मातीस मिळविले, त्याच्याच पोटी अडीच शतकांनंतर एका थकल्या गुडघ्यासाठी सरळ, सपाट वाट निघावी, हे नकाशावर बोट फिरविताना माझ्या ध्यानात आले आणि ते बोट पुष्कळ वेळ तेथेच राहिले. तो चौक गाठला की पुढे नदी आहे. तेथे पायरी चढावी लागत नाही.

टेकडीवर नेणाऱ्या, दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचा आधार घ्यावा असे आरंभी मनात होते. त्यांपैकी ग्लोरियाची गाडी १८८५ पासूनची. परंतु २०२५ च्या सप्टेंबरात ती घसरून सोळा जीव गेले, आणि ते वृत्त वाचल्यावर आम्ही दोघांनी टेकड्यांची आशा मुकाट्याने सोडली. अठ्ठावीस क्रमांकाची जुनी ट्राम सर्वांच्या छायाचित्रांत असते, पण तिची पायरी उंच आणि गर्दी फार. याउलट पंधरा क्रमांकाच्या मार्गावर जमिनीलगत दार असलेल्या नव्या लांब ट्रामगाड्या धावतात, आणि हा मार्ग बेलेंला जातो, जेथून गोव्याकडची गलबते निघत आणि जेथील जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी आहे.

लिस्बनमध्ये आम्ही दहाच दिवस राहणार. उरलेले पासष्ट दिवस दक्षिणेस आल्गार्वमधील ताविरा या लहान गावी. उन्हाळ्यात समुद्रस्नानासाठी लोटणारी गर्दी हिवाळ्यात ओसरली की तेथील घरे महिन्याच्या बोलीने बरीच स्वस्त मिळतात, आणि आमच्यासारख्या मुदत ठेवीच्या व्याजावर राहणाऱ्यांना परदेशातील दीर्घ वास्तव्य शक्य होते ते केवळ या ऋतुमानाच्या कृपेने. एका युरोला शंभर रुपयांच्या घरात मोजावे लागत असताना रोज नवे हॉटेल आणि रोज बाहेरचे जेवण यांचा विचार करणेच अशक्य. घर घेतले, चूल मांडली, की खर्चाला धरबंध राहतो. भात तेथे विपुल खातात, मंडईत ताजी मासळी असते, आणि बाजारात पत्नीला परक्यासारखे वाटणार नाही, कारण पाव, बटाटा, कोबी हे शब्द त्याच भाषेतून आपल्याकडे आले. घराची चावीसुद्धा तिकडचीच, आणि ज्या नाताळात आम्ही पोहोचणार त्या नाताळाचे नावही.

घरमालकांशी पत्रव्यवहार मात्र मी चिकाटीने केला. 'इमारतीत लिफ्ट आहे' या उत्तरावर समाधान मानता येत नाही, कारण जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचण्यापूर्वीच सात-आठ पायऱ्या असतात. तेव्हा प्रवेशद्वाराचे छायाचित्र, पायऱ्यांची गणना, कठडा कोणत्या बाजूस आहे, न्हाणीघरात उंच काठाचा टब आहे की सपाट जमीन, हा सारा तपशील लेखी मागविला. तेथील हिवाळा सौम्य खरा, दुपारी पंधरा-सोळा अंशांचा; परंतु पुष्कळ घरांना उष्णतेची व्यवस्था नसते, भिंती दमट राहतात, आणि दमट गारव्याची कळ सांध्याला प्रथम कळते. म्हणून विजेच्या शेगडीचा खर्च मी भाड्यातच धरला. तळमजल्यावरील, दक्षिणाभिमुख खिडकीचे एक घर शेवटी मिळाले. खाली नदीकाठ जवळ आहे, आणि जानेवारीच्या अखेरीस त्या मुलखात बदामाची झाडे फुलतात.

दस्तऐवजांचे प्रकरण मी येथे लांबवीत नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचीच मुभा, किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, कृत्रिम सांध्याचा डॉक्टरांचा दाखला, कारण विमानतळाच्या तपासणीत तो धातू बोलतो. विमानतळावरील चाकांच्या खुर्चीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदविली तर युरोपात ती सेवा विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. तिकिटावर मात्र नेमके लिहावे लागते: लांब चालवत नाही पण पायऱ्या चढवतात, पायऱ्याही चढवत नाहीत, की आसनापर्यंत न्यावे लागते. हा प्रश्न मी तिला वाचून दाखविला तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "दुसरं लिहा." इतकी वर्षे जे तिने स्वतःशीही कबूल केले नव्हते ते त्या दोन शब्दांत होते, आणि ते लिहिताना माझा हात जड झाला.

सहा नद्यांपैकी तीन सोडाव्या लागल्या. दोरूकाठचे पोर्तू आणि मोंदेगूवरचे कुईंब्रा ही दोन्ही चढणीची शहरे, आणि मिन्यु तर पार उत्तर सीमेवर. पण लिस्बनहून दक्षिणेस जाणारी आगगाडी प्रथम उंच पुलावरून तेझू ओलांडते, पुढे आल्कासेरपाशी सादू ओलांडते. आणि ताविराहून पूर्वेकडे निघणारा लोहमार्ग जेथे संपतो त्या गावाच्या काठाने ग्वादियाना वाहते, पलीकडे स्पेन. पासष्टी ओलांडलेल्यांना त्या गाड्यांत अर्धे तिकीट आहे. ज्या तीन नद्यांच्या वाटेत चढ नव्हता आणि ज्यांचे भाडे आम्हाला परवडत होते, त्या बाबांच्या क्रमात नेमक्या शेवटच्या तीन निघाल्या.

निघायला अजून पाच आठवडे आहेत. डॉक्टरांनी रोज सपाटीवर फेऱ्या घालण्यास सांगितले आहे, म्हणून संध्याकाळी ती व्हरांड्यात काठी घेऊन चालते आणि प्रत्येक फेरीला एक नदी म्हणते. काल मी दारात उभा राहून ऐकत होतो. मिन्यु, दोरू, मोंदेगू. तेझूपाशी ती थोडी थांबली, कठडा धरला, श्वास घेतला, आणि सादूची फेरी पुरी केली. ग्वादियाना म्हणून झाल्यावर ती बाकावर बसली आणि मला म्हणाली, "उद्या शेगडीचं तेवढं पुन्हा विचारून घ्या."