पाय तिचे, नियम आमचा




दर अंकात या पानावर आम्ही परीक्षा, शिस्त, गृहपाठ यांबद्दल लिहितो. या वेळी बुटांबद्दल लिहीत आहोत. आमचं शिक्षण हिंदी माध्यमात झालं. मराठी घरात आईकडून आणि आजीकडून जी मिळाली तीच, म्हणून भाषेत इंदुरी वळण दिसलं तर सांभाळून घ्यावं. बुटांचा विषय निघाला तो आमच्याच एका चुकीवरून. ती आधी कबूल करतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवीतली एक मुलगी आठवड्यात तीनदा चपला घालून प्रार्थनेला आली. तिचं नाव इथे लिहीत नाही. आपल्या शाळेत मुलींना काळे बकलचे बूट आणि मुलांना फीतवाले, असा नियम होता. पहिल्या दिवशी समज दिली, दुसऱ्या दिवशी डायरीत शेरा लिहिला, तिसऱ्या दिवशी तिला रांगेबाहेर उभं केलं. तिने मान खाली घातली आणि एक शब्दही बोलली नाही. आम्हाला वाटलं, मुलगी हट्टी आहे.

चौथ्या दिवशी ती बूट घालून आली. आम्ही मनात म्हटलं, शिस्त लागली.

पुढच्या आठवड्यात खेळाच्या सरांनी सांगितलं की तिने खो-खोच्या संघातून नाव काढून घेतलं आहे. पळण्यात तिच्यासारखी मुलगी वर्गात दुसरी नव्हती. कारण विचारलं तर म्हणे, अभ्यास आहे. सरांना ते पटलं नाही. त्यांनी तिला पायरीवर बसवून बूट काढायला लावले. उजव्या अंगठ्याचं नख मासात रुतलं होतं, कडेला पू झाला होता, आणि बाकीची बोटं आत वळलेली होती. मोजा बोटाला चिकटला होता. सरांनी आम्हाला बोलावलं. ते पाऊल पाहिलं आणि रांगेबाहेर उभी असलेली ती मुलगी आठवली.

संध्याकाळी तिची आई आली. म्हणाली, "मॅडम, मुलींच्या बुटात सहा नंबरच्या पुढे कुठे मिळतच नाही. दुकानदार म्हणाला, घालून घालून सैल होईल. ही घरी काही सांगत नाही. पायांवरून भावंडं चिडवतात ना, म्हणून पायाचं नावच काढत नाही."

आमचा स्वतःचा नंबर चार. बूट मिळाला नाही असं आयुष्यात झालं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. हिंदीतही टाचेच्या भेगांवरून अशीच एक म्हण आहे. कॉलेजात तिच्यावर निबंध लिहून आम्ही चांगले गुण मिळवले होते, पण अर्थ त्या संध्याकाळी कळला.

डॉक्टरांनी औषध दिलं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायला, नख सरळ कापायला आणि बरं होईपर्यंत पुढून उघडी चप्पल घालायला सांगितलं. म्हणजे ज्या चपलेसाठी आम्ही तिला रांगेबाहेर काढलं, तीच आता डॉक्टरांनी लिहून दिली!

नख बरं झाल्यावर एका रविवारी आम्ही त्या मायलेकींबरोबर राजवाड्याकडे बूट शोधायला गेलो. नियम आमचा होता, तेव्हा तो पाळायला किती जड आहे हे आपणच पाहावं, असं वाटलं. पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, "मॅडम, लेडीज़ में इतना बड़ा नंबर नहीं आता." दुसऱ्या दुकानात नोकराने पायाकडे पाहून दुसऱ्या नोकराकडे पाहिलं आणि हसला. मुलीने पाय ओढून बाकाखाली घेतले. तिसऱ्या दुकानातून बाहेर पडताना तिने हळूच विचारलं, "मॅडम, माझे पाय वाढायचे कधी थांबतील?" आम्ही चाळिसेक मुलांच्या वर्गाला तीस वर्षं उत्तरं देत आलो आहोत. या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतं.

चौथं दुकान लहान होतं. म्हाताऱ्या मालकाने आधी नंबर विचारला नाही. कागद जमिनीवर ठेवला, मुलीला त्यावर दोन्ही पायांवर सरळ उभं केलं आणि पेन्सिलने पावलांभोवती रेघ मारली. डावं पाऊल २६ सेंटिमीटर भरलं, उजवं २६ सेंटिमीटर ४ मिलिमीटर. मग ते म्हणाले, सहा नंबरचा साचा, ज्याला ते फर्मा म्हणतात, साधारण २६ सेंटिमीटर २ मिलिमीटरचा असतो. म्हणजे उजवं पाऊल बुटापेक्षाच लांब! बोटं वळली नसती तर नवल.

त्यांच्याकडून आम्ही त्या दिवशी बरंच शिकलो. आपल्याकडे चालणारा नंबर इंग्रजी पद्धतीचा. जवाच्या दाण्याच्या लांबीवरून तो आला, असं सांगतात. एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग मोठ्यांचे पुन्हा १ पासून सुरू होतात. पण नंबर फक्त लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही. आणि आपल्या लोकांचे पाय रुंद. पुढे वाचनात आलं की चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सरासरीने रुंद असल्याचं त्यातून दिसलं, आणि 'भा' या नावाची आपली स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. म्हणजे दोष मुलीच्या पायांचा नव्हता. साचा दुसऱ्यांच्या पायांचा होता.

त्या मालकांनी आठ नंबरचा काळा बूट काढला. फीतवाला, मुलांचा. मुलीने पाय घातला, दोन पावलं चालली, आणि तिचा चेहरा सैल झाला. मग एकदम बूट काढून ती म्हणाली, "पण हा चालणार नाही. मुलींना बकलचाच पाहिजे." मालकांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि इतकंच म्हणाले, "मॅडम, नियम तो आप ही का है ना?"

बूट घेतला. सोमवारी प्रार्थनेनंतर आम्ही नियम बदलल्याचं सांगितलं. आता बूट काळा आणि पुढून बंद असावा. फीत असो, बकल असो की चिकटपट्टी, मुलगा असो की मुलगी, जो पायाला बरोबर बसेल तो चालेल. दुखापत असेल तर पालकांच्या चिठ्ठीवर चप्पलही चालेल. महिनाभरात आणखी सात-आठ मुलींनी फीतवाले बूट घेतले, त्यामुळे तिच्या पायांकडे कुणाचं वेगळं लक्ष गेलं नाही. रांगेबाहेर उभं केल्याबद्दल आम्ही तिची माफी मागितली, तीही प्रार्थनेतच, कारण उभं केलं होतं तेही तिथेच. ती फारच लाजली.

पण सगळंच परत देता आलं नाही. नख बरं होईपर्यंत आंतरशालेय स्पर्धेसाठी खो-खोची निवड होऊन गेली होती. ते वर्ष तिचं गेलं ते गेलंच. आता ती पुन्हा सरावाला येते.

पालकांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभराने पाय थोडे फुगतात. शाळेचा मोजा बरोबर न्यावा. दोन्ही पायांचं माप उभं राहून घ्यावं आणि मोठ्या पायाप्रमाणे बूट घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. सर्वांत लांब बोट अंगठाच असतं असं नाही, कित्येकांचं त्याच्या शेजारचं असतं. टाच मात्र निसटू नये. वाढत्या वयाचा म्हणून दोन नंबर मोठा बूट घेऊन पुढे कापूस कोंबणं हाही उपाय नव्हे, त्यात पाय पुढेमागे घसरतो. आणि घट्ट बूट घालून सैल होतो, या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही. दर तीन-चार महिन्यांनी बुटाच्या टोकाशी बोटाने दाबून पाहावं. मुलं दुखतं म्हणून सांगतीलच असं नाही. घरी पैशांची ओढ असेल तर मुळीच सांगत नाहीत.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही आम्ही शोधलं. वाढीच्या वयात पावलं उंचीच्या आधी वाढतात. मुलींची पावलं बहुधा चौदाच्या आसपास थांबतात, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. तेव्हा आज ज्यांचे पाय मोठे दिसतात, त्यांची उंची कदाचित वाटेत असेल. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मग खो-खोत मला खांबापर्यंत कमी पावलं लागतील." गणित बरोबर आहे.

बापाची चप्पल मुलाच्या पायात बसू लागली की त्याला मित्र मानावं, असं आपल्याकडे म्हणतात. मुलींबद्दल तसं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. आपण म्हणायला हरकत नाही.

आपल्या, मुख्याध्यापिका