जहाजावरील वयोगट आणि एकत्र कुटुंबातील भावंडे

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या मायामी बंदराला ‘जगाची क्रूझ राजधानी’ असे म्हटले जाते. येथून कॅरिबियन बेटांकडे निघणारी जहाजे म्हणजे तरंगती नगरेच होत. भोजनगृहे, नाट्यगृह आणि जलतरण तलाव यांच्या जोडीला त्यांवर मुलांसाठी स्वतंत्र दालने असतात. तेथील कर्मचारी चित्रकला, खेळ, गाणी यांत मुलांना रमवतात आणि दिवसभराच्या बहुतेक कार्यक्रमांचा खर्च प्रवासभाड्यातच धरलेला असतो. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे मिळून निघालेल्या कुटुंबाला ही मोठीच सोय वाटते. मात्र ‘सगळी भावंडे एकत्र खेळतील’ ही अपेक्षा दालनाच्या दाराशीच अडते, कारण तेथे प्रवेश वयानुसार मिळतो.

कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर 2 ते 5 वर्षांची मुले ‘पेंग्विन’ गटात, 6 ते 8 वर्षांची ‘स्टिंगरे’ गटात आणि 9 ते 11 वर्षांची ‘शार्क’ गटात जातात. पुढे 12 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी ‘सर्कल सी’, तर 15 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी ‘क्लब ओटू’ असतो. नॉर्वेजियन कंपनीने मात्र ही रेषा निराळ्या ठिकाणी ओढली आहे. तेथे 10 ते 12 वर्षांची मुले बालविभागातील शेवटच्या गटात बसतात आणि किशोरांचा विभाग 13 ते 17 वर्षांचा असतो. म्हणजे बारा वर्षांचा तोच मुलगा एका जहाजावर किशोरांत सर्वांत धाकटा, तर दुसऱ्या जहाजावर बालकांत सर्वांत थोरला ठरतो! डिस्ने कंपनीच्या जहाजांवर ‘एज’ हा विभाग 11 ते 14 वर्षांच्या आणि ‘व्हाइब’ 14 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला दोहोंतून निवड करता येते.

हा भेद केवळ खेळण्यांचा नाही. लहान गटांतील मुलांना दालनात सोडताना आणि तेथून नेताना पालकांची नोंद आवश्यक असते. कार्निव्हलवर 9 ते 11 वर्षांच्या मुलाला पालकांनी अनुमती दिली तर तो स्वतःच नोंद करून बाहेर पडू शकतो. बारा वर्षे पूर्ण झालेली मुले किशोर विभागात आपल्या इच्छेने ये-जा करतात. अकरा आणि बारा वर्षांची चुलत भावंडे घरी एकाच ताटात जेवत असली, तरी जहाजावर एकाच्या येण्याजाण्याची नोंद होते आणि दुसरा अनेक मजल्यांच्या त्या नगरात मोकळा असतो. म्हणून वयोगटांचा तक्ता पाहताना ‘तेथे कोणते खेळ आहेत’ याआधी ‘मूल बाहेर पडताना जबाबदारी कोणाची’ हे पाहणे अगत्याचे आहे.

तिकिटे काढण्यापूर्वी काही बाबी तपासून घेणे हितावह. वय साधारणतः जहाज सुटण्याच्या दिवशी पूर्ण झालेले धरतात. सहलीनंतर आठवड्याने येणारा वाढदिवस उपयोगी पडत नाही. अनेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला डिस्ने आणि रॉयल कॅरिबियन यांच्या मोफत दालनांत प्रवेश हवा असेल, तर त्याची डायपरची सवय सुटलेली असावी लागते. रात्री दहानंतर लहान मुलांना कार्निव्हलच्या दालनात ठेवल्यास तासाप्रमाणे वेगळे शुल्क पडते.

जैन कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. पाश्चात्त्य जहाजांवर ‘शाकाहारी’ या शब्दात कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचा अर्थ येत नाही. भोजनगृहातील जैन जेवणाची सूचना आधी दिलेली असली, तरी मुलांच्या दालनात खाणे दिले जाते का आणि ते काय असते, याची वेगळी चौकशी करावी. दालनातील नोंदणीपत्रकातही वर्ज्य पदार्थ स्पष्ट लिहावेत. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असेल, तर मुलाला दालनातून वेळेवर आणण्याचे काम कोणाकडे, हेही ठरवून ठेवावे. ‘अमका आणेल’ या भरवशावर सारेच राहिले तर मूल उपाशी राहते!

मुंबईहून वा सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवरही वयाच्या मर्यादा कंपनीगणिक बदलतात. एकीचा तक्ता दुसरीला लावू नये. स्वातंत्र्याच्या अनुमतीचा निर्णयही घरीच, सर्व भावंडांना समोर बसवून घ्यावा. अकरा वर्षांच्या मुलाला अनुमती नाकारायची असेल, तर तिचे कारण त्याला बंदर सोडण्यापूर्वी कळावे. दालनाच्या दारात, मोठा भाऊ निघून जाताना पाहत असता नव्हे. आणि किशोरांनाही एक बंधन आनंदाने पाळायला सांगावे: दिवसभर कोणी कोठेही असो, सायंकाळच्या जेवणाला सर्व भावंडे एका मेजावर हजर असावीत.