ताईच्या गाडीची विक्री

जुनी मोटार विकणें ही कांहीं शाळेच्या वार्षिक अंकांत लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे, असें आमच्या वाचकांस वाटेल. एरवीं आम्हांसही तसेंच वाटलें असतें. परंतु सन 2024 मध्यें जी गाडी आम्हीं विकली ती चारचौघांच्या गाडीसारखी नव्हती. आणि तिच्या विक्रीचा हिशेब, गणिताच्या तासास आम्ही जे हिशेब शिकवितों, त्यांच्यांत बसणारा नव्हता. कित्येक पालकांनीं त्या व्यवहाराविषयीं आम्हांस विचारलें, म्हणून हा लेख.

गाडी आमच्या थोरल्या बहिणीची. घरांत सारे तिला ताई म्हणत. तिचा जन्म 1973 चा. दीड वर्षाची असतांना तिला पोलिओ झाला. देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली ती 1995 सालीं. नैसर्गिक विषाणूनें झालेल्या पोलिओचा आपल्या देशांतील शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्यें आढळला, व मार्च 2014 मध्यें देश पोलिओमुक्त असल्याचें प्रमाणपत्र मिळालें. त्यामुळें आमच्या वर्गांतील मुलांस पोलिओनें वाळलेला पाय कसा असतो हें ठाऊक नाहीं, आणि तें तसेंच राहो. ताई मात्र त्याआधीं जन्मली. दोन्ही पाय गेले, पुढें पाठीचा कणाही वांकला. तरी ती बी.कॉम. झाली, एका पतसंस्थेंत पंचवीस वर्षें तिनें हिशेब लिहिले, आणि 2016 सालीं स्वतःच्या पैशानें तिनें ईको व्हॅन घेतली. गाडी तिची, हांकणारे आम्ही.

मागचा बाक काढून तेथें तिची चाकांची खुर्ची उभी राहील अशी सोय केली होती. मागच्या दारांतून दोन मीटर लांबीचा, मधोमध दुमडणारा पत्र्याचा रॅम्प खालीं येई. या रॅम्पावर आमच्या नववीच्या किती तुकड्या उतरणीचें गणित शिकल्या, त्यांची मोजदाद नाहीं! इमारतीच्या दारापाशीं रॅम्प करावयाचा तर एक भाग उंचीस बारा भाग लांबी असावी, असा दंडक आहे. आमच्या गाडीची तळफळी जमिनीपासून 60 सेंटिमीटर. म्हणजे दंडकाप्रमाणें 7 मीटर 20 सेंटिमीटर लांब रॅम्प हवा. तो गाडींत मावणार कसा? म्हणून गाडीचा रॅम्प उभट असतो व ढकलणाऱ्याच्या दंडांत जोर असावा लागतो. ताई व खुर्ची मिळून 60 किलो. घर्षण सोडून दिलें तर 18 किलो वजन उचलण्याइतका जोर लावावा लागे. आंत गेल्यावर खुर्ची चार पट्ट्यांनीं तळाशीं बांधावयाची, आणि बसणाऱ्यास निराळा पट्टा, तोही खुर्चीला नव्हे तर गाडीलाच अडकवावयाचा. हें पुष्कळांस माहीत नसतें. खुर्ची सुटली तर माणूस तिच्याबरोबर जाऊं नये, हा त्यांतील हेतु.

ताई 2023 च्या नोव्हेंबरांत वारली. गाडी दारांत उभी राहिली.

मालक मरण पावल्यावर गाडी वारसास परस्पर विकतां येत नाहीं. मृत्यूची खबर तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास द्यावयाची, व तीन महिन्यांच्या आंत नमुना 31 भरून ती आधीं वारसाच्या नांवावर करून घ्यावयाची. विक्रीचे नमुने 29 व 30 त्यानंतरचे. हें आम्हीं वेळेवर केलें. कायदा वाचतांना एक गोष्ट ध्यानांत आली. 1988 च्या मोटार वाहन कायद्यांत अशा गाडीस 'इनव्हॅलिड कॅरेज' असें नांव होतें. 2019 च्या दुरुस्तीनें तें जाऊन 'अडॅप्टेड व्हेईकल' आलें. (इंग्रजींत 'इनव्हॅलिड' म्हणजे रुग्णाईत, आणि रद्दबातलही. तो शब्द गेला हें बरें झालें.) परंतु व्याख्येंत असें म्हटलें आहे कीं, अशी गाडी केवळ त्या अपंग व्यक्तीनें किंवा तिच्याकरितांच वापरलेली असावी. मग ती व्यक्ति गेल्यावर दारांत जी उभी राहते ती गाडी कोणती म्हणावयाची? आमच्यापुढें व्यवहारांत हाच प्रश्न उभा राहिला.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास तो पडला नाहीं. त्यानें रॅम्पाकडे पाहून मान हालविली व तो काढण्याचा खर्च किंमतींतून वजा केला. ताईनें ज्या कामास 80 हजार मोजले होते, तें त्याच्या वहींत खर्चाच्या बाजूस गेलें! नंतर एक फळांचे व्यापारी आले. रॅम्प काढून पूर्वीसारखा बाक बसवून द्या, 2 लाख 10 हजार रोख देतों, म्हणाले. गॅरेजवाल्यानें त्या कामाचे 18 हजार सांगितले. म्हणजे हातीं 1 लाख 92 हजार.

रॅम्प निराळा विकावा असेंही एकानें सुचविलें. पण तो याच गाडीच्या मापाचा कापलेला. दुसऱ्या गाडीस तो भंगारच.

मग आम्ही गरजवंताचा शोध करूं लागलों. वाईहून एक निवृत्त गृहस्थ आले. अपघातानंतर ते खुर्चींत होते. बिचारे उंच! मागच्या दारापाशींच त्यांचें डोकें छपरास लागलें. ताई ठेंगणी होती, म्हणून ही अडचण आम्हांस कधीं कळलीच नव्हती. ते हंसून म्हणाले, "गाडी चांगली आहे, मीच मापाबाहेर आहें," आणि परत गेले.

शेवटीं कोरेगांव तालुक्यांतील एक शेतकरी आले. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलास स्नायू क्षीण होत जाण्याचा विकार. चालणें दोन वर्षांपूर्वींच सुटलेलें. त्यास पाठीवर घेऊन एस.टी.नें ते साताऱ्यास दवाखान्यांत आणीत. आम्हीं टेप काढली. मुलगा खुर्चींत बसला असतां डोक्यावर सात सेंटिमीटर जागा उरत होती. मूल वाढतें असतें. तीनचार वर्षांनीं जागा पुरणार नाहीं, हें आम्हीं त्यांस स्पष्ट सांगितलें.

"चार वर्सं लई झाली, सर," ते म्हणाले.

घेवड्याचे पैसे आले होते ते व थोडे उसने मिळून दीड लाखाच्या वर त्यांस जातां येईना.

आतां आमच्या धाकट्या बंधूंविषयीं लिहिलें पाहिजे. आईवडील हयात नाहींत व ताई अविवाहित. तेव्हां 1956 च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें आम्हां दोघां भावांचा वांटा सारखा. बंधु पुण्यास असतात. ताईच्या शेवटच्या आजारांत इस्पितळाचें बहुतेक बिल त्यांनींच भरलें होतें, व त्यांच्या कन्येच्या महाविद्यालयाची फी तोंडावर आली होती. टेलिफोनवर ते म्हणाले, "दादा, ताई गेली. आतां त्या फळीपायीं बेचाळीस हजार सोडायचे का?" या प्रश्नांत अयोग्य असें कांहीं नव्हतें, व आम्ही त्यांस दोष देत नाहीं. आम्हीं सांगितलें कीं, तुमचे 96 हजार पुरे पोहोंचतील. जें कमी पडेल तें आमच्या वांट्यांतून. त्यावर ते बराच वेळ बोलले नाहींत. मग संमतिपत्र पाठवितों म्हणाले. तें आठवड्यांत आलें.

आमच्या हातीं 54 हजार राहिले. त्या पैशांतून घराचें छप्पर दुरुस्त करण्याचा बेत होता. आमच्या सौभाग्यवतींनीं आकडा ऐकला, छताकडे एकवार पाहिलें, आणि म्हणाल्या, "यंदाचाही पावसाळा काढूं. घमेलीं आहेतच."

गाडी नेण्याच्या दिवशीं पितापुत्र दोघेही आले. रॅम्पावरून चढवितांना खुर्ची तोंडानें पुढें न्यावयाची, उतरवितांना मात्र पाठीनें, व धरणारानें खालच्या बाजूस राहावयाचें, हें आम्हीं वडिलांस तीनदां करून दाखविलें. चौथ्या वेळीं ते चुकले तेव्हां मुलानेंच हांक दिली, "आण्णा, उलटं, उलटं!" पट्ट्यांचा क्रमही त्यानें एकदांच पाहून ध्यानांत ठेवला होता. विक्रीची खबर देण्यास विकणाऱ्यास राज्यांतल्या राज्यांत चौदा दिवसांची मुदत असते. आम्हीं ती दुसऱ्याच दिवशीं दिली, व विमा कंपनीसही कळविलें. बदल केल्याची नोंद ताईनें आर.सी. बुकांत मुळांतच करून घेतली होती, त्यामुळें तेथें कांहीं अडलें नाहीं.

डाव्या बाजूच्या मागच्या पट्ट्याचें बक्कल थोडें अडकतें, हेंही आम्हीं सांगितलें होतें. पुढें जून महिन्यांत ताईची पेटी आवरतांना तसलेंच एक नवें बक्कल कागदांत गुंडाळलेलें सांपडलें. कोरेगांवहून आमच्या शाळेंत येणाऱ्या एका मुलाबरोबर तें पाठवून दिलें.