घडणावळ

सोन्याचा दागिना करविताना सोनार घडणावळ घेतो, आणि तोच दागिना पुढे मोडावयास नेला म्हणजे ती परत देत नाही. कस पाहिला जातो, वजन होते, घट वजा होते, आणि उरलेल्या सोन्याची त्या दिवसाच्या भावाने होईल ती रक्कम हातावर पडते. नक्षीतील प्रत्येक पाकळीची मजुरी आपण मोजलेली असते. परंतु सोनाराच्या काट्याला पाकळी कळत नाही. ही गोष्ट आपल्या घरांतून लहानपणापासून सर्वांच्या परिचयाची असते, आणि तिच्यावरून सहसा कोणी सोनाराशी भांडत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र हेच सत्य चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांच्या गळी उतरविताना नाकी नऊ येतात, असा माझा अनुभव आहे.

मी तीस वर्षे मोटार-विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम केले. मोडक्या मोटारीपाशी उभे राहून कोणता भाग किती जुना, त्याची झीज किती धरावयाची, हे ठरविणे हा माझा व्यवसाय. त्याचे एक कोष्टक आहे. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांची किंमत नुकसानभरपाईच्या वेळी एकदम निम्मी धरतात. फायबर-ग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांना पहिले सहा महिने काही कापीत नाहीत, मग वर्षागणिक कापीत जाऊन दहा वर्षांनंतर त्यांचीही किंमत निम्म्यावर आणतात. काचेवर मात्र घसारा मुळीच नाही. सारी मोटार म्हातारी होते. काच तेवढी चिरतरुण राहते! हे कोष्टक करणाऱ्याच्या अंगी थोडे कवित्व असावे, अशी शंका मला नेहमी येई. सबंध गाडीच्या विमा-किमतीचेही असेच आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, आणि असे करीत पाचव्या वर्षी ५० टक्के कपात. पाच वर्षे उलटली म्हणजे कोष्टक हात टेकते. त्यापुढची किंमत विमा घेणाऱ्याने व विमा कंपनीने परस्परसंमतीने ठरवावी, असा नियम आहे. म्हणजे दोन माणसे समोरासमोर बसतात, आणि किमतीचा खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

माझ्या भाच्याची गाडी या पाच वर्षांच्या रेषेच्या फार पलीकडची आहे. २००२ सालची होंडा सिटी. जुन्या घाटाची, दीड लिटरच्या व्हीटेक इंजिनाची. हे इंजिन १०६ अश्वशक्तीचे. २००३ च्या अखेरीस या गाडीची जागा जिने घेतली, त्या नव्या सिटीच्या पोटात ७७ अश्वशक्तीचे इंजिन आले. ती पेट्रोल कमी पिई, आत ऐसपैस होती, आणि संसारी माणसाला अधिक सोयीची होती, यात वाद नाही. परंतु वेगाचे ज्यांना वेड आहे ती मंडळी अद्यापि जुनीच शोधीत फिरतात. इंजिनाचे फेरे एका मर्यादेपलीकडे गेले की या यंत्रातील झडपा अधिक उघडू लागतात आणि गाडीचा आवाजच पालटतो. गवयाने मध्य सप्तकातून तार सप्तकात जावे तसा तो पालट असतो. मी सर्व्हेअर असलो तरी बहिरा नाही. त्या आवाजाची भुरळ मलाही कळते.

भाच्याने ही गाडी २०१४ साली १ लाख ४० हजारांना घेतली आणि पुढील दहा वर्षांत तिच्यावर ४ लाख ८६ हजार रुपये खर्च केले. हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. एका जाड फाइलीत प्रत्येक पावती तारीखवार लावलेली आहे. त्याने स्प्रिंगा व शॉक-ॲब्सॉर्बर बदलले, पुढच्या ब्रेकच्या चकत्या मोठ्या केल्या, हलकी ॲलॉय चाके बसविली, चालकाची बैठक बदलली. इंजिनातून धूर बाहेर नेणारी नळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका कारागिराकडून मापे घेऊन घडवून घेतली. या कारागिराने चार नळ्यांची लांबी सारखी यावी म्हणून तीन वेळा काम मोडून पुन्हा केले, असे भाचा अभिमानाने सांगतो. आता त्याने पुण्यास एक सदनिका घेतली आहे. बँक कर्ज देते, परंतु स्वतःचा वाटा आधी भरा म्हणते. त्या वाट्यात तीन लाख कमी पडत होते. तेव्हा तो फाइल घेऊन माझ्याकडे आला.

“मामा, सहा लाख सव्वीस हजार झालेत. मी पाच लाखच म्हणणार. सव्वा लाख सोडायला तयार आहे.”

खरेदी आणि खर्च यांची बेरीज म्हणजे किंमत, ही समजूत किती खोल रुजलेली असते पाहा! मी फाइल ठेवून घेतली आणि जन्मभर केले तेच केले. पावत्यांचे ढीग पाडले. तेलपाणी, पट्टे, बुशिंगे, क्लच, इंजिनाची एकदा झालेली दुरुस्ती, अशा नित्याच्या देखभालीचे १ लाख ३१ हजार निघाले. या पैशाने गाडीची किंमत वाढत नाही, ती कोसळावयाची थांबते. टायरांचे ६८ हजार. ते रस्त्यावर झिजून गेले. मजुरी ९२ हजार, ती घडणावळ. उरले १ लाख ९५ हजार, आणि हेच काय ते गाडीवर प्रत्यक्ष बसलेले सामान. त्यातही चाके, शॉक-ॲब्सॉर्बर, ब्रेक, बैठक हे दुसऱ्या तशाच गाडीला लागण्याजोगे. त्यांचे ओळखीच्या मंडळींत ८० हजार यावेत. उद्यमनगरची ती नळी दुसऱ्या कोणत्याही गाडीला लागणार नाही. तिच्यापुढे मी शून्य लिहिले.

“शून्य?” भाचा म्हणाला. “मामा, गाडीतली सगळ्यात चांगली वस्तू तीच आहे.”

ते खरेच होते. आणि माझा आकडाही खरा होता.

फेरफार न केलेली, याच सालची, बऱ्या स्थितीतली अशीच गाडी तेव्हा आमच्याकडे पावणेदोन लाखांच्या आसपास जात होती. मग फेरफार केलेली अधिकाला जावी की कमीला? जुन्या मोटारींच्या एका व्यापाऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ९० हजार म्हटले. फेरफार केलेली गाडी कोणत्या हाताने कशी हाकली गेली असेल याचा भरवसा नाही, हा त्याचा मुद्दा. तो अन्यायाचा असला तरी अडाणीपणाचा नव्हता. त्यानेच दुसरी तोड सुचविली: गाडी सुटी करा, भाग वेगवेगळे विका, अधिक पैसे येतील. दागिना मोडला तर नक्षी जाते. येथे मोडले तरच नक्षीला दाम मिळतो, असा हा उलटा व्यवहार. भाच्याने त्या गृहस्थांना चहा पाजून निरोप दिला.

कायद्याची बाजू याहून अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेविली. चकत्या आणि स्प्रिंगा सहसा कोणी वाकून पाहत नाही. परंतु नळीचा आवाज चौकातल्या पोलिसाला आधी ऐकू जातो. मोटारसायकलींचे असले सायलेन्सर रांगेने मांडून त्यांवरून रोड-रोलर फिरविल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेतच. विम्याचे तर विचारूच नका. न कळविलेला फेरफार अपघातानंतर उघडकीस आला म्हणजे काय होते, ते मी टेबलाच्या पलीकडल्या बाजूने पाहिले आहे. तशात पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, त्यासाठी गाडीची तपासणी, वर पर्यावरण कर. आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपयांवर गेले. भाच्याच्या गाडीची मुदत २०२७ पर्यंतची. म्हणजे घेणाऱ्याला दोन वर्षांच्या आत ही सगळी यात्रा करावयाची, आणि ती नळी काढूनच करावयाची! घडणावळ परत न मिळणे निराळे, आणि घडणावळीपायी पदरचे जाणे निराळे.

अशा वेळी गाडीला हात दिला तो आमच्या अक्काच्या माळ्याने. भाच्याने काढलेली एकही मूळ वस्तू टाकली नव्हती. जुना सायलेन्सर, स्प्रिंगा, हवेच्या गाळणीची पेटी, कारखान्याची चाके, मूळ बैठक, सारे जुन्या चादरीत गुंडाळून एका पत्र्याच्या ट्रंकेत आणि तिच्याभोवती रचून ठेवलेले होते. अक्का दहा वर्षे दर दिवाळीला ‘हे भंगार काढ’ म्हणून त्याच्या मागे लागे. त्या भंगाराने माझा हिशेब पालटला. गाडी मूळ रूपात आणावी, पावणेदोन लाखांना विकावी, ८० हजारांचे सामान निराळे विकावे, बदलाबदलीची मजुरी १५ हजार जावी. हाती २ लाख ४० हजार. बसविलेल्या वस्तूंपेक्षा काढलेल्या वस्तू अधिक मोलाच्या ठराव्यात, यात मला एकट्यालाच मौज वाटली. भाचा खिन्न झाला. पण ही रीत साऱ्या जगाची आहे. जपानात १९८९ ते २००२ या काळात निघालेल्या निस्सान स्कायलाइन जीटी-आर गाड्यांवर त्यांच्या धन्यांनी जितके फेरफार केले तितके क्वचितच दुसऱ्या गाडीवर झाले असतील; आणि म्हणूनच आज त्यांतली कारखान्यातून आली तशी राहिलेली गाडी अधिक भाव खाते.

गिऱ्हाइके आली. बेळगावहून एकाने फोन केला. परंतु राज्याची हद्द ओलांडली की ना-हरकत दाखला, नवी नोंदणी आणि तिकडचा कर हे ओझे किमतीतूनच वजा होते, म्हणून ते बोलणे तेथेच थांबले. मग जयसिंगपूरचा एक मुलगा आला, वय वीस-एकवीस. त्याने बॉनेट उघडावयास सांगितले नाही, ब्रेकवर पाय ठेवला नाही. इंजिन तीनदा चढवून दाखवावयास लावले, आवाज मोबाइलवर टिपून घेतला, आणि सरळ तीन लाख म्हणाला. फाइल नको, ट्रंक नको. फक्त नळी तशीच राहू द्या.

तीन लाख! नेमका हवा होता तेवढाच आकडा. माझ्या कोष्टकात तो कोठेच बसत नव्हता. परंतु बाजारात किंमत म्हणजे शेवटी कोणीतरी देतो ती रक्कम. भाच्याने त्याला विचारले, “गाडी कुठं चालवणार?”

“आंबा घाट,” तो म्हणाला. “रात्री मोकळा असतो.”

“वडिलांना घेऊन ये. त्यांच्यासमोर फाइल दाखवतो.”

“वडिलांचा काय संबंध? पैसे माझेत.”

मुलगा गेल्यावर दाजी चिडले. “तीन लाख देतोय तर दे की! त्याच्या घाटाची काळजी तुला कशाला? गाडी काय तू त्याला ढकलून देतोयस?” दाजींना लोभी म्हणता येणार नाही. बँकेची तारीख त्यांनाही पाठ होती, आणि मुलाच्या घरासाठी त्यांनी आपली ठेव आधीच मोडली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी इतकेच म्हटले की, मुलगा सज्ञान आहे. सारे फेरफार लिहून देऊन, त्याची सही घेऊन गाडी विकली तर व्यवहारात खोट नाही. हे माझे मत मी आजही बदलणार नाही. परंतु आंबा घाटातून वर ओढून आणलेल्या गाड्यांचे अहवाल मी लिहिले आहेत, आणि चालकाच्या वयाच्या रकान्यात वीस, एकवीस, बावीस हे आकडे किती वेळा लिहिले तेही माझ्या स्मरणात आहे. ते मी दाजींना सांगितले नाही. भाच्याला ते ठाऊक होते; लहानपणी तो माझ्याबरोबर त्या गाड्या पाहावयास येई.

मुलाचा आणखी दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी त्याने दहा हजार वाढविले. वडिलांना मात्र आणले नाही.

गडहिंग्लजचे एक गृहस्थ त्याच आठवड्यात आले. तंत्रनिकेतनात शिकवितात. विजेरी घेऊन ते गाडीखाली आडवे झाले, वर येऊन हात पुसले, आणि अक्काच्या पडवीत बसून दोन तास फाइल वाचीत राहिले. मध्येच विचारीत, “हा क्लच बत्तीस हजार किलोमीटरलाच का बदलला?” भाचा उत्तर देई, आणि ते मान हालवून पुढचे पान उलटीत. शेवटी म्हणाले, चाके, स्प्रिंगा, ब्रेक राहू द्या, सायलेन्सर मूळचा बसवा, ट्रंक द्या, आणि ही फाइल द्या. २ लाख ३५ हजार. विमा कंपनीला सारे कळवूनच विमा माझ्या नावे करून घेईन.

भाच्याने घासाघीस केली नाही. २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर सह्या झाल्या. विमा चौदा दिवसांच्या आत नव्या धन्याच्या नावे करावयाचा असतो, तो नवव्या दिवशी झाला. कमी पडलेले ६५ हजार दाजींनी पतपेढीतून उचलले. आठवडाभर ते मुलाशी नीट बोलत नव्हते. तरी गाडी न्यावयास आलेल्या गृहस्थांबरोबर ट्रंकेचे दुसरे कडे त्यांनीच धरले होते.

उद्यमनगरची नळी अक्काच्या माळ्यावर, ट्रंकेच्या रिकाम्या जागी आहे. माझ्या यादीतले तिच्यापुढचे शून्य भाच्याने खोडलेले नाही. परवा एका ओळखीच्याने ती दोन हजारांना मागितली. तेव्हा ती विकावयाची नाही म्हणाला.