ड्रॅगन नौकेतील नवखा श्रावक

हाँगकाँगच्या कौलून भागात त्सिम शा त्सुई ही गजबजलेली पेठ आहे. हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त मुंबईहून गेलेली अनेक जैन कुटुंबे तेथे आणि आसपास स्थायिक झाली आहेत. देवदर्शन, मुलांची पाठशाळा, पर्युषणातील प्रतिक्रमण, सूर्यास्तापूर्वीचे भोजन हा नित्यक्रम उंच इमारतींच्या त्या नगरातही त्यांनी निष्ठेने सांभाळला आहे. या पेठेतून निघून बंदर ओलांडावे, दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर बसावे आणि डोंगर चढून पलीकडे उतरावे. वाटेत झाडांच्या फांद्या काचांवर आपटत राहतात आणि एका वळणावर अचानक निळा समुद्र दिसू लागतो. मुख्य बेटाच्या या दक्षिण किनाऱ्यावर स्टॅनली नावाचे गाव आहे. एकेकाळी ते कोळ्यांचे गाव होते. दर्यावर्दींची रक्षणकर्ती मानल्या गेलेल्या तिन हाउ देवीचे 1767 मधील मंदिर आजही तेथे उभे आहे.

चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी या गावाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. हा दिवस ड्रॅगन नौकांच्या शर्यतीचा. बहुतेक वर्षी तो आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या, म्हणजे दिगंबर परंपरेतील श्रुतपंचमीच्या आसपास येतो. या शर्यतीमागे एक करुण कथा आहे. प्राचीन चीनमधील चू राज्याचा च्यू युआन हा निष्ठावंत मंत्री आणि कवी होता. हद्दपारीत असताना राजधानी शत्रूच्या हाती पडल्याचे ऐकून त्याने मिलुओ नदीत देहत्याग केला. ही घटना इसवी सनापूर्वी 278 मधील मानतात. त्याला वाचविण्यासाठी गावकऱ्यांनी नावा वेगाने हाकल्या, माशांना दूर ठेवण्यासाठी ढोल बडविले, पाण्यात भात टाकला. पण तो हाती लागला नाही. आज ज्या नावा जिंकण्यासाठी धावतात, त्या लोकस्मृतीनुसार मुळात एका बुडत्या माणसासाठी धावल्या होत्या.

या नौकेची आधुनिक शर्यतही हाँगकाँगनेच जगाला दिली. 1976 मध्ये तेथे परदेशी संघांना बोलावून स्पर्धा भरविण्यात आली आणि 1991 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ तेथेच स्थापन झाला. प्रचलित मोठ्या नौकेत दोघांच्या दहा रांगा, म्हणजे वीस वल्हेकरी असतात. पुढे तोंड मागे करून ढोल वाजविणारा बसतो आणि मागे सुकाणू धरणारा उभा राहतो. शर्यतीच्या वेळी पुढच्या टोकाला ड्रॅगनचे मस्तक व मागे शेपूट जोडतात. मस्तकाच्या डोळ्यांत रंगाचा ठिपका भरला, की नौका जागी झाली असे मानतात.

त्सिम शा त्सुईतील एका जैन कुटुंबातला अडतीस वर्षांचा व्यापारी बारा वर्षे ही शर्यत केवळ वर्तमानपत्रातील छायाचित्रांत पाहत आला होता. दिवसभर भिंगातून हिरे पाहून त्याची मान आणि पाठ धरली होती. व्यायाम करा, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्याहून मोठी बोच निराळी होती. ज्या नगराचे अन्नपाणी बारा वर्षे घेतले, तेथील एकाही चिनी माणसाशी व्यवहाराबाहेर त्याचे चार शब्द झाले नव्हते. स्टॅनलीच्या एका नौकामंडळात नवशिक्यांना घेतात, असे कळताच त्याने जाण्याचे ठरविले आणि घरात ते सांगितले.

आजोबांनी नकार दिला नाही. त्यांनी प्रश्न विचारला. "आपण पाणी गाळून पितो. एका पेल्यातल्या अप्‌कायिक जीवांचा विचार करणाऱ्या घरातला मुलगा केवळ मौजेखातर समुद्र घुसळणार का? बारा व्रतांतले आठवे व्रत कोणते, आठव."

आठवे व्रत अनर्थदंड-विरमणाचे. निष्प्रयोजन हिंसा टाळण्याचे. पाणी विनाकारण उडविणे, माती विनाकारण उकरणे या गोष्टी त्यात प्रमादाचरण म्हणून गणल्या जातात. नातवाने वाद घातला नाही. त्याने प्रकृतीचे आणि परक्या नगरातील एकटेपणाचे कारण मांडले. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रयोजन असेल तर जा. पण सायंकाळच्या सरावाला नको, भोजनाचा नियम मोडेल. आणि जिंकण्याचा मान डोक्यात शिरला, तर त्याच दिवशी प्रयोजन संपले असे समज."

म्हणून तो रविवारी पहाटेची बस धरू लागला.

पहिल्या दिवशी त्याला जागा मिळाली ती तराजूने तोलल्यासारखी. नौका डावी-उजवीकडे कलू नये म्हणून एका रांगेत साधारण सारख्या वजनाची माणसे बसवितात. त्याच्या शेजारी एक निवृत्त चिनी शाळामास्तर आले. जीवरक्षक जाकीट घालून, बाहेरची मांडी नौकेच्या कडेला टेकवून तो बसला आणि आरोळी होताच सारे बळ एकवटून त्याने वल्हे मारले. ते पुढच्या माणसाच्या वल्ह्यावर खाडकन आपटले. दुसऱ्यांदाही तेच घडले.

सुकाणूवरील प्रौढ बाईंनी नौका थांबविली. त्यांचे सांगणे थोडके होते. ताकद नंतर, आधी पहिल्या रांगेकडे पाहा. पहिल्या रांगेतील दोघे लय ठरवितात आणि मागच्या अठरांनी ती डोळ्यांनी उचलायची. ढोल कानांवर पडण्याची वाट पाहणारा मागे पडतो. हात ओढण्याऐवजी कमरेपासून वळायचे, पाते पुरते बुडाल्याशिवाय जोर लावायचा नाही आणि मांडीच्या पुढे गेल्यावर ते पाण्यात रेंगाळू द्यायचे नाही. "तुमच्या वल्ह्याने पाणी फार उडते," त्या म्हणाल्या. "उडालेले पाणी म्हणजे वाया गेलेले श्रम. चांगल्या वल्ह्याचा आवाजही होत नाही."

त्या सायंकाळी त्याने हे आजोबांना सांगितले. त्याला वाटले होते, आपल्या बाजूचा मोठा पुरावा मिळाला. आजोबा हसले. "पाणी न उडाल्याने हिंसा संपत नाही. पण प्रमाद कमी होतो, एवढे खरे. तेवढे शिक."

तो तेवढे शिकू लागला. सातव्या-आठव्या रविवारी एकदा वीसही पाती एकाच क्षणी पाण्यात गेली आणि नौका खालून कोणी उचलल्यासारखी पुढे सरकली. त्या क्षणी त्याचे एकट्याचे बळ किती होते, हे कोणालाही, त्यालाही सांगता आले नसते.

सणाच्या आधीच्या रविवारी मंडळात चोंगत्झ आले. हे बांबूच्या पानांत बांधून शिजविलेले चिकट तांदळाचे मोदक. त्यात बहुधा डुकराचे मांस आणि खारविलेल्या अंड्याचा बलक असतो. त्याने हात जोडून नकार दिला आणि कारणही सांगितले. पुढच्या खेपेस मास्तरांनी वेगळ्या दोऱ्याने बांधलेला एक चोंगत्झ त्याच्या हातावर ठेवला. आत फक्त तांदूळ आणि मूग होते. त्यांच्या पत्नीने तो निराळ्या भांड्यात शिजविला होता. बारा वर्षांत त्या नगरातील एखाद्या घरातून त्याच्यासाठी आलेला तो पहिला घास.

शर्यतीच्या दिवशी आजोबा किनाऱ्यावर छत्री धरून उभे होते. शेवटच्या टप्प्यात शेजारची नौका पुढे सरकू लागली. त्याचे हात घाईला आले, मन ओरडू लागले. लय सोडून दोन वल्ही अधिक मारावीत, असे वाटण्याचा तोच क्षण होता. त्याने पहिल्या रांगेवरून नजर ढळू दिली नाही. नौका चौथी आली. किनाऱ्यावर आजोबांनी निकाल विचारला नाही. "मान किती चढला होता?" एवढेच विचारले. "चढला होता," तो म्हणाला, "पण हातांपर्यंत पोहोचला नाही."

थोड्याच आठवड्यांत आषाढी चतुर्दशी आली. चातुर्मासाचे चार महिने पाण्यात न उतरण्याचा नियम त्याने स्वतःहून घेतला. मंडळात जाऊन त्याने वल्हे परत केले आणि आपली जागा दुसऱ्या कोणाला द्यावी, असे सुचविले. मास्तरांनी त्याच्याकडे आपादमस्तक पाहिले आणि मान हलविली. नेमका आपल्या वजनाचा माणूस पुन्हा शोधत बसण्यापेक्षा चार महिने थांबणे त्यांना सोपे वाटत होते.