लेडव्हिलची चढण आणि किलोचा हिशेब

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत, 10,152 फूट उंचीवर लेडव्हिल हे लहानसे गाव वसले आहे. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या खाणींनी ते भरभराटीस आले आणि 1893 मध्ये चांदीचा भाव कोसळताच ओसरले. पुढे क्लायमॅक्स येथील मॉलिब्डेनमच्या खाणीने गावाला तारले; परंतु 1982 साली तीही बंद पडली आणि हजारोंची रोजी गेली. पाहुणे मुक्कामास यावेत, बाजारपेठ जगावी, म्हणून 1983 पासून येथे 100 मैलांची धावण्याची शर्यत सुरू झाली. 1994 मध्ये तिला माउंटन बाइकच्या शर्यतीची जोड मिळाली.

ऑगस्टमध्ये भरणाऱ्या या शर्यतीत स्पर्धक 12,000 फुटांहून उंच असलेल्या कोलंबाइन खाणीपर्यंत चढतात व त्याच वाटेने परततात. बारा तासांच्या आत पोहोचणाऱ्यास पट्ट्याचे बक्कल मिळते. उशीर झाल्यास ते हुकते. 100 मैल म्हणजे 161 किलोमीटर. भागिले 12, म्हणजे ताशी सुमारे 13.4 किलोमीटर. विसाव्याची मिनिटेही यातच धरायची.

सामानाची निवड येथूनच सुरू होते. साऱ्या चढणींची बेरीज साधारण 3,500 मीटर धरू. एक किलो ओझे तेवढे उंच नेण्यास सुमारे 34,300 ज्यूल लागतात. विरळ हवेत स्पर्धकाच्या पायांत 150 वॅट ताकद उरली, असे मानले, तर भागाकार 229 सेकंद येतो. म्हणजे एका किलोचे मोल पावणेचार मिनिटे. आता दुकानदाराच्या नजरेने प्रत्येक वस्तूचा भाव काढता येतो. अर्धा किलो हलक्या महागड्या चाकांनी दोन मिनिटेही वाचत नाहीत. वाटेत ट्विन लेक्सच्या थांब्यावर पाणी मिळत असताना अर्ध्या लिटरची जादा बाटली सुरुवातीपासून वाहणे तितकेच महाग. ती कमी करण्यास मात्र एक पैही लागत नाही.

टायरचा हिशेब याहून बोलका आहे. मजबूत टायरची जोडी 300 ग्रॅमने जड असेल, तर चढणीवर सुमारे 69 सेकंद जातात. समजा, हलक्या टायरला पंक्चरचा धोका शेकडा 15, मजबूत टायरला शेकडा 5 आणि दुरुस्तीस 15 मिनिटे. धोक्यातील फरक शेकडा 10. त्याची सरासरी किंमत दीड मिनिट, म्हणजे 90 सेकंद. सौदा मजबूत टायरचाच. शिवाय पावणेबारा तासांच्या बेताने निघालेल्याला एकच पंक्चर बक्कल हिरावून घेण्यास पुरेसे आहे. गोदामाचा विमा उतरवणारा व्यापारी हेच जाणतो: हप्ता दरवर्षी थोडा जातो, पण एका आगीत पेढी बुडत नाही.

गिअरचेही तसेच. पुढे 32 आणि मागे 50 दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात 29 इंची चाक सुमारे दीड मीटर सरकते. पुढचे चक्र 34 दात्यांचे घेतल्यास प्रत्येक फेऱ्याला शेकडा सहा जोर अधिक लागतो. सकाळी तो जाणवत नाही. परतीच्या पॉवरलाइन चढणीवर मात्र त्याची वसुली होते.

अपरिग्रहाचा विचार घरात ऐकलेल्यांना हा हिशेब परका वाटणार नाही. जवळ काय असावे, यासोबत ते वाहून नेण्यास काय पडेल, हेही विचारावे लागते. आणि टायरचा धडा असा की, हलके होताना जे खरोखर तारते ते टाकायचे नसते.